गोव्यातील एका अल्पायुषी पक्षाचे कार्य

राजकीय पक्षाचे महत्त्व त्याने किती वर्षे सत्ता भोगली यावरून मोजण्याचा प्रघात आहे. गोव्यातील युनायटेड गोअन्स पक्षास हे माप लावले तर त्याच्या वाट्यास काहीच येणार नाही. कारण सत्ता त्यास एकदाही लाभली नाही. तथापि आजचे गोवा राज्य बऱ्याच अंशी या पक्षाचे ऋणी आहे, असे आमचे मत आहे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि १९६३ च्या डिसेंबरात तेथे विधानसभेची पहिली निवडणूक झाली. महाराष्ट्रात विलीन होण्याचा पुरस्कार करणारा दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला, डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोअन्सना ३० पैकी १२ जागा मिळाल्या. या पक्षाचा मुख्य आधार ख्रिस्ती समाज होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत व इटलीत ख्रिस्ती लोकशाही पक्ष प्रबळ झाले, ते धर्माचे नाव उघडपणे धारण करून. सिक्वेरांच्या पक्षाने नावात धर्म न आणता गोमंतकीयत्व आणले, यातच त्याचे शहाणपण होते. विलीनीकरणाचा निर्णय विधानसभेतील बहुमताने न होता जनतेच्या प्रत्यक्ष कौलाने व्हावा, ही त्याची मागणी. संसदेने १९६६ साली तसा कायदा केला.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. गोवा केंद्रशासित राहावा या बाजूस १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणास १,३८,१७०. ख्रिस्ती समाज लोकसंख्येच्या दोन-पंचमांशांहूनही कमी होता; तेव्हा हा जय केवळ त्याचा नव्हे, हे उघड आहे. चंद्रकांत केणी, उदय भेंब्रे यांच्या लेखणीने गाजलेले ‘राष्ट्रमत’ दैनिक तर विलीनीकरणाविरुद्ध लढले ते मराठीतूनच! शिवाय काही आठवड्यांतच मतदारांनी बांदोडकरांस पुन्हा सत्तेवर बसविले. म्हणजे या कौलाच्या मुळाशी मराठीचा द्वेष नव्हता. मोठ्या प्रांतात आपण विरून जाऊ, ही धास्ती होती.

३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले, तोवर हा पक्ष मावळला होता. आज चिंचवड-चाकणच्या कारखान्यांभोवती नाना भाषांचे लोक आम्हां मराठी भाषिकांत येऊन वसले आहेत. थोरल्या घरात धाकट्यास काय वाटते, हे समजून घेण्यास गोव्याच्या इतिहासातील हे प्रकरण आम्ही अवश्य वाचले पाहिजे.