विजासनची छिन्नी

नागपूरहून चंद्रपूरच्या वाटेवर भद्रावती लागते. गावाजवळ विजासनची टेकडी आहे आणि तिच्या पोटात बौद्ध लेणे आहे. दीक्षाभूमीवरची गर्दी पाहणाऱ्या आम्हां नागपूरकरांना तिथली शांतता प्रथम जाणवते. खडकात सरळ आत गेलेली लांब वाट, तिच्या टोकाशी बसलेले बुद्ध. दोन्ही बाजूंना फुटलेल्या आडव्या वाटा, त्यांच्याही टोकांशी बुद्धमूर्ती. १८७३-७४ च्या दौऱ्यात कनिंगहॅमने या लेण्याची नोंद घेतली.

लेणे कोणत्या राजाचे, असे सगळेच विचारतात. आम्ही कामगार चळवळीतली माणसे; आम्ही विचारतो, छिन्नी कोणाच्या हातात होती? अंधारात खडक फोडणे म्हणजे काय, हे भद्रावतीच्या परिसरातल्या कोळसा खाणकामगारांना सांगावे लागत नाही.

कारागीर सर्वत्र अनामिक राहिला असे मात्र नाही. कार्ल्याच्या शिलालेखात धेनुकाकटच्या सामी सुताराचे नाव आहे. नाशिकच्या लेण्यात तर त्याहून मोठी गोष्ट कोरली आहे. नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी ३००० कार्षापणे ठेवली, ती गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे: २००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कायम, वापरायचे ते व्याज. राजघराण्याने विश्वासाने ठेव ठेवावी, एवढी विणकरांच्या संघटनेची पत होती!

श्रेणी म्हणजे आजची युनियन नव्हे, हे खरे. पण नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली, त्याच्या कितीतरी शतके आधी विणकराने एकीची किंमत ओळखली होती.