विटांना बक्षीस की सवयीला?

शासनाने शौचालयासाठी अनुदान दिले, शौचालये बांधली गेली, आणि पहाटे टमरेल घेऊन निघणारी माणसे मात्र निघतच राहिली. १९९०च्या दशकातील ग्रामीण महाराष्ट्राचे हे चित्र. पैसा बांधकामाला मिळत होता, म्हणून बांधकाम झाले. कित्येक खोल्यांत पुढे सरपण आणि गोवऱ्या रचल्या गेल्या. अकोल्यातून वेगळा होऊन १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आलेल्या वाशीम जिल्ह्याला हाच वारसा मिळाला.

२००० साली तत्कालीन ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. गावात शिरताच झाडू हाती घेणारे आणि रात्री कीर्तनातून त्याच गावाचे कान उपटणारे गाडगेबाबा वऱ्हाडाचेच. त्यांची मूर्तिजापूरची धर्मशाळा कारंजा लाडहून फार दूर नाही. अभियानाचे खरे वेगळेपण मात्र हिशेबात होते. एकेका घराला आगाऊ पैसा देण्याऐवजी स्वच्छतेची तपासणी झाल्यावर अख्ख्या गावाला बक्षीस. शेजाऱ्याची सवय ही अशी प्रत्येकाच्या काळजीची बाब झाली. विजेती गावे मोजकी, झाडली गेलेली हजारो!

या युक्तीला काळी बाजूही होती. गावाचे बक्षीस हुकू नये म्हणून ‘गुड मॉर्निंग पथके’ पहाटे लोकांना अडवू लागली. ज्याच्याकडे शौचालयापुरतीही जागा नव्हती, त्याची लाज त्या बक्षिसाच्या खर्ची पडली; हा खर्च कुठल्याच अहवालात नीट मांडला गेला नाही.

केंद्राने २००३ मध्ये निर्मल ग्राम पुरस्कार जाहीर केला. पुरस्कार एकदाच मिळणारा. फलक लागला की तपासणारे निघून जात. २००८ च्या युनिसेफच्या पाहणीत अनेक ‘निर्मल’ गावे पुन्हा जुन्या वाटेवर आलेली आढळली.

ब्लॉकचेनवर उभे राहणारे आजचे समूह याच पेचात सापडतात. सहभागाबद्दल टोकन वाटले की एकच माणूस दहा खाती उघडतो, टोकन गोळा करतो, विकतो आणि नाहीसा होतो. नोंदवही कितीही अभेद्य असो, तिच्यात काय मोजायचे हे माणसांनाच ठरवावे लागते.

२०१७ साली पानी फाउंडेशनच्या सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धेत वाशीम जिल्ह्यातील कारंजा तालुका उतरला. गावकऱ्यांनी आधी पाणलोटाचे प्रशिक्षण घ्यायचे, मग ऐन उन्हाळ्यात ४५ दिवस श्रमदान करायचे. गुण झालेल्या कामाला. पहिले बक्षीस वर्धा जिल्ह्यातील काकडदऱ्याला गेले. कारंजा तालुक्यात खोदलेले चर मात्र पहिल्या पावसाची वाट पाहत जागच्या जागी होते.