माथेरान : हवा खाणारे आणि ओझी वाहणारे

वसंत व्याख्यानमालेचे दिवस आणि थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचे दिवस एकच असतात. ज्यांना जमते ते माथेरान-महाबळेश्वरला गेलेले असतात, आणि उरलेले आपण वैतरणेच्या खाडीवरचा खारट वारा अंगावर घेत मांडवात बसलेले असतो. तेव्हा जे वर गेले आहेत त्यांच्याविषयीच आज बोलावे असे आम्ही ठरविले. माथेरानला पॉइंट किती आणि सूर्यास्त कोठून बरा दिसतो हे सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत. ते काम आमचे नव्हे. कामगार चळवळीत आयुष्य गेल्यामुळे आम्हांला एक खोड जडली आहे. उंचावर काही मांडलेले दिसले, की ते तेथवर कोणी वाहून नेले हे विचारल्यावाचून आमच्याने राहवत नाही.

माथेरानचा इतिहास नेहमी एका साहेबापासून सुरू होतो. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या बाजूने डोंगर चढून गेले आणि त्यांनी माथेरान 'शोधून काढले'. हे तेच ठाण्याचे कलेक्टर, ज्यांच्या हुकमतीत त्या काळी आपला केळवे-माहीमचा मुलूखही होता. त्या डोंगराच्या अंगाखांद्यावर धनगर, ठाकर आणि कातकरी यांची वस्ती आधीपासूनच होती. त्यांना माथेरान शोधावे लागले नाही. साहेबांना ते सापडले याचा खरा अर्थ इतकाच, की मुंबईच्या उन्हाळ्याने घामाघूम झालेल्या सत्ताधाऱ्यांना जवळच एक थंड जागा मिळाली. महाबळेश्वर लांब पडे. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी या जागेला आश्रय दिला, बंगले उठले, रस्ते आखले गेले. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि १८५६ पर्यंत रूळ खोपोलीला जाऊन पोहोचले. नेरळ मुंबईच्या दारात आले.

पण नेरळ म्हणजे पायथा. माथेरान तेथून सुमारे अडीच हजार फूट वर. ही चढण चालायची कोणी? हवा खायला येणारा चालत नसे. तो तट्टावर बसे, नाही तर पालखीत. त्याच्या ट्रंका, वळकट्या, चिनी मातीची भांडी आणि खाण्यापिण्याचे सामान डोक्यावर घेऊन माणसे मागून येत. तट्टू, पालखी आणि डोके ही माथेरानची पहिली तीन वाहने होत. यांतली पालखी गेली. बाकीची दोन आजही आहेत.

मग आली ती प्रसिद्ध छोटी गाडी. बोहरी समाजातील विख्यात उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने ती बांधली. चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम अंगावर घेतले. १९०४ साली आरंभ झाला आणि १९०७ च्या मार्चमध्ये गाडी सुरू झाली. खर्च सोळा लाख रुपये; त्या काळचे सोळा लाख, हे ध्यानात घ्यावे. रुळांमधले अंतर अवघे दोन फूट, लांबी सुमारे वीस किलोमीटर, आणि वळणे अशी, की खिडकीतून बाहेर पाहावे तो आपल्याच गाडीचे इंजिन समोरून जाताना दिसते. हे काम धाडसाचे होते यात शंका नाही आणि पीरभॉयांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. मात्र माथेरानच्या पॉइंटांची नावे वाचीत गेले तर लुइझा आहे, अलेक्झांडर आहे, साळिंदराच्याही नावाचा एक आहे. वाटेतल्या इवल्याशा बोगद्याला नवपरिणितांवरून एक थट्टेचे नाव पडले आहे. ज्यांनी तो कातळ फोडला त्यांच्या नावाचा मात्र एकही पॉइंट नाही.

आता जरा खाली, मुंबईत येऊ. माथेरानला जायला पैसा लागतो हे सर्वांनाच ठाऊक आहे. पण त्याआधी दिवस लागतो. गिरणीत काम करणाऱ्याला तो नव्हता. सणवार सोडले तर आठवड्याचे सातही दिवस कारखान्याचे, आणि रविवारी यंत्रे बंद असली तर ती पुसायला बोलावीत. हे चित्र ज्यांनी बदलले ते नारायण मेघाजी लोखंडे आपल्या ठाण्याचेच. जन्म १८४८ चा. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीत ते वाढले, आणि १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. आठवड्याची एक सुटी, ही त्यांची मागणी. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले, आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलायला उभ्या राहिल्या. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षी कारखान्यांच्या कायद्यात आठवड्याच्या सुटीची तरतूद झाली. आपण रविवार इतक्या सहजपणे भोगतो, की तो कोणीतरी मागून घेतला आहे हे आठवतसुद्धा नाही.

रविवार मिळाला म्हणून गिरणी कामगार माथेरानला गेला काय? मुळीच नाही. पगारी रजेसाठी आणखी अर्धे शतक थांबावे लागले. १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस भरणाऱ्याला दर वीस दिवसांमागे एक दिवसाची भरपगारी रजा दिली. तीही कामगाराने शिमग्याला, गणपतीला, लग्नकार्याला आणि पेरणीला गावी जाऊन खर्च केली. कोकणातल्या आणि घाटावरच्या माणसाला सुटी म्हणजे गाव. हवापालट हा शब्द डॉक्टरांनी क्षयाच्या रोग्याला सांगायचा. १९५६ पासून केंद्र सरकारच्या नोकरांना प्रवासाची सवलत मिळू लागली, आणि अशा सवलतींबरोबर पांढरपेशा नोकरदार वर्ग हळूहळू डोंगर चढू लागला. यंत्रावर उभा राहणारा त्याच्याही मागून आला.

येथे थोडे परदेशात डोकावणे बरे. स्कॉटलंडचे डोंगर उंचीला काही फार नाहीत. त्यांतला सर्वांत उंच बेन नेव्हिस १३४५ मीटर. आपली कळसूबाई १६४६. पण तेथे हिवाळ्यात बर्फ पडते आणि पायांना लांब पट्ट्या बांधून त्या बर्फावरून उतारावर घसरत जाण्याचा खेळ चालतो. त्याला स्कीइंग म्हणतात. तेथले स्कीइंग मंडळ १९०७ साली, म्हणजे आपली माथेरानची गाडी धावली त्याच वर्षी, स्थापन झाले. आरंभी हाही सुखवस्तूंचाच छंद होता. पण १९३० साली क्लाइडबँकच्या, म्हणजे ग्लासगोजवळच्या जहाजबांधणीच्या गावच्या कामगारांनी आपले गिर्यारोहण मंडळ काढले. मंदीचे दिवस, हाताला काम नाही. शनिवार आला, की ही पोरे मिळेल त्या वाहनाने डोंगर गाठीत आणि गुहेत, खडकाच्या आडोशाला झोपत. त्यांतले काही पुढे स्कीइंगमध्येही शिरले. १९३८ साली ब्रिटनमध्ये भरपगारी रजेचा कायदा झाला. १९५६ साली ग्लेन्को येथे माणसांना उतारावरून वर ओढून नेणारा दोर यंत्रावर बसविला गेला. तोवर खांद्यावर पट्ट्या घेऊन तासभर चढायचे आणि काही मिनिटांत खाली यायचे, असा हिशेब होता.

ग्लेन्को, ग्लेनशी, लेख्ट ही ठिकाणे आल्प्सपुढे अगदी लहान. तेथे जाणाऱ्याचा अनुभव आपल्या माथेरानकराला लगेच पटेल. बर्फ आज आहे, उद्या नाही. मध्येच झुडपे आणि दगड डोके वर काढतात. वारा सुटला की यंत्र बंद, आणि लांबून आलेली मंडळी चहा पिऊन परत. केअरनगॉर्मच्या डोंगरावर २००१ साली दोराने ओढली जाणारी रेल्वे सुरू झाली. बांधकामातल्या दोषांमुळे २०१८ ला ती बंद पडली, २०२३ ला सुरू होऊन त्याच वर्षी पुन्हा थांबली, आणि २०२५ मध्ये परत चालू झाली. आमची छोटी गाडीही २००५ च्या महापुरात वाहून गेलेल्या रुळांमुळे दोन वर्षे थांबली, २०१६ ला डबे घसरल्यामुळे थांबली, २०१९ च्या पावसात उखडली आणि नेरळपासून वरपर्यंत धावायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. डोंगरावरची गाडी ही दोन्हीकडे सारखीच लहरी. आणि ती थांबली, की प्रवाशाची फक्त सहल बुडते. तेथे राबणाऱ्याची रोजी बुडते, हेही दोन्हीकडे सारखेच.

फरक एका गोष्टीत आहे. स्कॉटलंडात यंत्राचा दोर आला तेव्हा त्याने कोणाच्या पोटावर पाय दिला नाही, कारण खेळणाऱ्याला पाठीवर घेऊन वर नेणारा माणूसच तेथे नव्हता. माथेरानात तो होता.

या गावात माणूस फक्त ओझेच वाहत होता असे मात्र कोणी समजू नये. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानात एका न्हाव्याच्या घरी विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. पाहुण्यांच्या गावात न्हाव्याच्या घराची जागा कोणती, हे सांगायला नको. हा मुलगा वकील झाला, माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला, शेतकऱ्यांसाठी शाळा आणि धान्यकोठारे काढू लागला. लोक त्यांना भाई म्हणत. १९४२ साली त्यांनी आझाद दस्ता उभारला आणि मुंबईला, तिथल्या कारखान्यांना वीज नेणारे मनोरे पाडण्याचा सपाटा लावला. सह्याद्रीच्या पाण्यावर तयार झालेली वीज डोंगरावरून खाली मुंबईला जात होती. भाई कोतवालांनी ती वाटेतच तोडली. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. तीस वर्षांचे आयुष्य. आमच्या मते माथेरानचा इतिहास मॅलेटपासून सांगावा की कोतवालांपासून, हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नाही.

आता रिक्षांकडे येऊ. माथेरानात मोटारी चालत नाहीत. दस्तुरी नाक्याला त्या थांबतात. २००३ साली हा सारा भाग पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर झाला, आणि झाडी वाचली ही चांगलीच गोष्ट घडली. पण मोटार नाही म्हणजे धूर नाही, आणि धूर नाही म्हणजे कोणाचा तरी दम. लाल मातीच्या चढणीवर एक माणूस पुढून दांडे धरून ओढत आला, मागून दुसरा रेटत आला, आणि आत बसलेला स्वच्छ हवेची तारीफ करीत आला. लोखंड्यांनी मिळविलेला रविवार हा या माणसाचा सर्वांत कष्टाचा दिवस ठरत आला.

काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनची सहल माथेरानला गेली होती. वैतरणा, सफाळे, पालघर, बोईसर येथली तीसेक मंडळी; वसई रोडहून दिव्याची गाडी, दिव्याहून नेरळ. त्यांत तारापूरच्या एका कारखान्यात पोती चढविण्यात उमर घालवलेले एक गृहस्थ होते. गुडघे गेलेले. दस्तुरीला आम्ही सर्वांनी त्यांना रिक्षात बसायला सांगितले, ते ऐकेनात. "माणसाने ओढायच्या गाडीत मी बसणार नाही," हे त्यांचे एकच पालुपद. शेवटी रिक्षावाला पुढे आला आणि म्हणाला, "बसा की मामा. तुम्ही नाही बसलात तर माझी बोहनी कशी व्हायची?" मामा बसले. चढण लागली तशी तीनदा उतरले, तीनदा पुन्हा बसले. गावात पोहोचल्यावर त्यांनी ठरल्यापेक्षा जास्त पैसे दिले, त्यावरून दोघांत पुन्हा वाद झाला. परतीच्या गाडीत दिव्यापर्यंत आमच्यात चर्चा चालली. तरुण पोरांचे म्हणणे, रिक्षावर बहिष्कार घालावा. मामा म्हणाले, "बहिष्कार घालणे सोपे रे. घरी चूल त्याची बंद होते, तुझी नाही."

याचे उत्तर सहृदय पाहुण्यांनी शोधले नाही. ते रिक्षा ओढणाऱ्यांनीच शोधले. त्यांची संघटना वर्षानुवर्षे सांगत होती, की आम्हांला या कामातून सोडवा, विजेवर चालणारी रिक्षा द्या. घोडेवाले विरोधात उभे राहिले. त्यांना दोष देणे आम्हांला जमत नाही; घोड्याचा चारा आणि मालकाचे जेवण एकाच फेरीतून निघते, आणि ई-रिक्षा ती फेरी नेते. एका कष्टकऱ्याची सुटका दुसऱ्याच्या धंद्यावर येते, असे पेच युनियनच्या कचेरीत रोज सोडवावे लागतात, आणि ते कोणा एकाच्या बाजूने घोषणा देऊन सुटत नाहीत. आमचे मत विचाराल तर आधी माणसाच्या छातीवरचे दांडे निघाले पाहिजेत, आणि त्याच दिवशी घोडेवाल्याचीही सोय बोलली पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली प्रयोगादाखल ई-रिक्षांना वाट मोकळी केली. ऑगस्ट २०२५ मध्ये निकाल आला. माणसाने माणसाला ओढण्याची ही चाल मानवी प्रतिष्ठेला धरून नाही, ती सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश झाला. पंजाबातल्या सायकलरिक्षावाल्यांच्या दाव्यात १९८० साली याच न्यायालयाने माणुसकीची भूमिका घेतली होती. त्यानंतर पंचेचाळीस वर्षे लोटली तरी ही प्रथा चालू आहे, याची खंतही न्यायालयाने बोलून दाखविली. गुजरातेत केवडियाला स्थानिक आदिवासी स्त्रिया ई-रिक्षा चालवितात, त्या धर्तीवर राज्य सरकारने रिक्षा विकत घेऊन ओढणाऱ्यांना भाड्याने द्याव्यात, आणि पैसा नाही ही सबब सांगू नये, असेही बजावले. खरोखर रिक्षा ओढणारे कोण, हे ठरवून त्यांची यादी करण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे सोपविले. मॅलेटसाहेबांनंतर पावणेदोनशे वर्षांनी कलेक्टर कचेरीला माथेरानात शोधायला सांगितलेली ही दुसरी गोष्ट.