गणिताची गोळी

आपण एरवी किल्ले, लढाया, जुनी शहरं यांच्यावर बोलतो. आज एका गोळीचा इतिहास सांगणार आहे. ज्यांचा हेडफोन घरी राहिला त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिहिलेलं रूप.

विषय कुठून आला ते आधी सांगतो. गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला ताईचा फोन आला. भाचा पहिलीत आहे. शाळेत बोलावून बाईंनी सांगितलं होतं, "एका जागी बसतच नाही. दुसऱ्यांच्या वह्या ओढतो. एकदा दाखवून घ्या, एडीएचडी असेल. हल्ली गोळ्या मिळतात." ताई रडत नव्हती, पण आवाज बसलेला. म्हणाली, "तू इंजिनीअर आहेस ना, जरा शोधून सांग." आता मी बीटेक कॉम्प्युटरवाला, मला औषधातलं काय कळणार? पण आपल्याकडे घरातला इंजिनीअर म्हणजे रिमोटच्या सेलपासून इन्कम टॅक्सपर्यंत सगळं बघणारा. मग बसलो शोधायला, आणि थेट १९३७ सालात जाऊन पोचलो.

अमेरिकेत ऱ्होड आयलंड नावाचं एक चिमुकलं राज्य आहे. तिथल्या जॉर्ज ब्रॅडली नावाच्या श्रीमंत माणसाची मुलगी एमा. टेलिफोनच्या धंद्यात सुरुवातीलाच पैसे घातल्यामुळे त्याच्याकडे पैशाला तोटा नव्हता. एमाला सातव्या वर्षी मेंदूज्वर झाला आणि ती त्यातून पूर्ण बरी कधीच झाली नाही. पैसा होता, पण अशा मुलांना न्यायचं कुठे, तशी जागाच नव्हती. म्हणून बापाने मृत्युपत्रात इस्टेट अशा जागेसाठी ठेवली, आणि १९३१ मध्ये फक्त मुलांसाठीचं मानसोपचाराचं रुग्णालय सुरू झालं. नाव एमाचंच दिलं.

तिथले डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली हे त्याच घराण्यातले. त्या काळी मेंदूचा फोटो काढायला पाठीच्या कण्यातलं पाणी काढून हवा भरायचे आणि मग एक्स-रे घ्यायचे. त्यानंतर मुलांचं डोकं भयंकर दुखायचं. त्यावर उपाय म्हणून ब्रॅडलींनी बेन्झेड्रीन देऊन पाहिलं. हे ॲम्फेटामाइन, म्हणजे झोप उडवणारं, तरतरी आणणारं औषध. डोकेदुखीला त्याचा काही उपयोग झाला नाही. पण शिक्षक येऊन सांगायला लागले की मुलं अभ्यासाला बसतायत! मग ब्रॅडलींनी ५ ते १४ वयाच्या ३० मुलांना आठवडाभर ते औषध दिलं. त्यातल्या १४ जणांच्या अभ्यासात ठळक फरक पडला. मुलांनीच त्याचं नाव ठेवलं, गणिताची गोळी.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ब्रॅडलींनी त्याच लेखात इशाराही दिला होता. ही गोळी सरसकट देत सुटलात तर लक्षणं झाकली जातील आणि मूल असं का वागतंय हे शोधायचं राहून जाईल, असा त्याचा अर्थ. आमच्या भाषेत सांगायचं तर एरर मेसेज बंद केला म्हणून बग गेला असं होत नाही.

पुढची जवळजवळ २५ वर्षं या शोधाकडे फारसं कुणी बघितलं नाही. दरम्यान स्वित्झर्लंडमध्ये १९४४ साली सिबा कंपनीच्या लिआंद्रो पानिझोन या रसायनतज्ज्ञाने मिथाइलफेनिडेट बनवलं. त्याची बायको मार्गरीट, लाडाने रिटा. ती टेनिस खेळण्याआधी ते घ्यायची असं सांगतात. तिच्यावरून नाव पडलं रिटालिन. १९५४ मध्ये ते बाजारात आलं तेव्हा गिऱ्हाईक मोठी माणसं होती, थकवा आणि उदासीसाठी. मुलांच्या वागणुकीसाठी अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली १९६१ च्या सुमाराला.

आता आजाराचं नाव कसं बदलत गेलं बघा. १९०२ मध्ये लंडनचे डॉक्टर जॉर्ज स्टिल अशा मुलांच्या वागण्याला नैतिक नियंत्रणाचा दोष म्हणत होते. मग मेंदूला बारीकशी इजा झाली असेल असं म्हणू लागले. १९६८ च्या अमेरिकन मानसोपचाराच्या सूचीत भर होता अतिचंचलतेवर. १९८० मध्ये भर लक्ष न लागण्यावर गेला, आणि १९८७ मध्ये दोन्ही जोडून एडीएचडी झालं. मूल तेच, पण लेबल पाच.

१९७० मध्ये मोठा गदारोळ झाला. ओमाहा शहरात शाळकरी मुलांपैकी ५ ते १० टक्के मुलांना वागणूक सुधारायला औषधं दिली जातात, अशी बातमी 'वॉशिंग्टन पोस्ट'ने छापली. आकडा फुगवलेला आहे अशी टीका नंतर झाली, पण तोवर लोक हादरले होते. त्याच सप्टेंबरात खासदार कॉर्नेलियस गॅलाघर यांनी संसदेत सुनावणी घेतली. शाळेला सोयीचं नाही म्हणून मुलाला औषध द्यायचं का, हा तिथला कळीचा प्रश्न होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेने हे औषध कडक नियंत्रणाखाली आणलं. आपल्याकडेही १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत मिथाइलफेनिडेट आहे. म्हणून ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये सहज मिळत नाही.

इथपर्यंत वाचून मी ताईला लिहिणार होतो, "गोळीबिळी काही नको, सगळं कंपन्यांचं कारस्थान आहे." पाठवलं नाही. कारण धाकटे काका आठवले.

काका चौथीत असताना मास्तरांनी त्यांना 'मठ्ठ' ठरवलं. बाकावर उभं करणं, ओल्या फोकाचा मार, हीच त्यांची गोळी. सातवीत शाळा सुटली. आज ते कुठलंही मशीन उघडून नीट करतात, पण बँकेचा फॉर्म समोर आला की घाम फुटतो. त्यांना नेमकं काय होतं, आता सांगता येणार नाही. पण "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" हे मात्र खोटं. होतंच की! फक्त त्याला नाव नव्हतं आणि इलाज छडी होता.

शिवाय औषधाचा उपयोग होतो हेही खरं. १९९९ मध्ये ७ ते ९ वर्षांच्या ५७९ मुलांचा १४ महिन्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. नीट लक्ष ठेवून दिलेल्या औषधाने मूळ लक्षणं नुसत्या वर्तनोपचारापेक्षा जास्त कमी झाली. पण लहानग्यांचं गणित वेगळं निघालं. ३ ते साडेपाच वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास २००६ मध्ये आला. त्यात फायदा मोठ्या मुलांपेक्षा कमी, त्रास जास्त. भूक मंदावणं, चिडचिड, वाढ हळू होणं. म्हणून २०११ पासून अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ ४-५ वर्षांच्या मुलांसाठी सांगतात, आधी आईवडिलांना प्रशिक्षण आणि वर्तनोपचार, औषध नंतर.

आणि मग मला तो अभ्यास सापडला ज्याने माझी झोप उडवली. कॅनडातला ब्रिटिश कोलंबिया प्रांत, ९ लाख ३७ हजारांहून जास्त मुलं, साल २०१२. तिथे शाळाप्रवेशाची सीमारेषा ३१ डिसेंबर. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं मूल वर्गात सगळ्यात लहान आणि जानेवारीतलं सगळ्यात मोठं. जानेवारीतल्या मुलग्यांपेक्षा डिसेंबरातल्या मुलग्यांना एडीएचडीचं निदान होण्याचं प्रमाण ३० टक्क्यांनी जास्त होतं, मुलींमध्ये तर ७० टक्क्यांनी. औषध मिळण्याचं प्रमाणही तसंच जास्त. आता मेंदूचा आजार काय कॅलेंडर बघून येतो? म्हणजे यातल्या बऱ्याच मुलांचा दोष एवढाच की ती वर्गातल्या इतरांपेक्षा वर्षभराने लहान होती.

माझ्या भाच्याचा वाढदिवस २२ डिसेंबर. त्याच्या शाळेची सीमारेषाही ३१ डिसेंबरच.

मी ताईला लगेच फोन केला. थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे त्याला काहीच नाहीये?" तसंही नाही गं, म्हटलं. वय लहान असणं आणि एडीएचडी असणं, दोन्ही एकत्र असू शकतं. हे मी ठरवू शकत नाही, बाईही नाहीत. याची रक्ततपासणी नसते. लक्षणं किमान सहा महिने हवीत, आणि एकाच ठिकाणी नाही, शाळेत आणि घरीही दिसायला हवीत. आजोळी हाच मुलगा लेगोचे डबे घेऊन तासभर बसतो, हेही डॉक्टरांना सांग. डोळे आणि कान तपासून घे. झोप किती होते ते लिहून ठेव. आणि जन्मतारीख आठवणीने सांग.

येत्या गुरुवारी अपॉइंटमेंट आहे. मीही सुट्टी टाकून जाणार आहे. डॉक्टरांनी विचार करून गोळी लिहून दिली तर ती घ्यायची आणि लाज वाटू द्यायची नाही, असं ताईचं नि माझं ठरलंय. नाही दिली तर शाळेत जाऊन बोलायचं, तेही ठरलंय.

ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी हे औषध आधीच चालू असेल, तर माझ्या बोलण्यावरून ते बंद करू नका, डॉक्टरांशीच बोला. आणि तुमच्या वर्गात तो एक 'मठ्ठ' किंवा 'वांड' मुलगा होता ना? तो आज काय करतो, ते मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात.