एका तुरुंगातून निघालेली दोन वर्तमानपत्रे

दर वर्षी ६ जानेवारीला, पत्रकार दिनी, आमच्या उर्दू शाळेत चार शब्द बोलण्याचे काम माझ्याकडे येते. बाळशास्त्री जांभेकर आमच्याच जिल्ह्यातले. देवगड तालुक्यातील पोंभुर्ले हे त्यांचे गाव. १८३२ साली याच तारखेला त्यांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केले. एका पानावर शेजारी शेजारी दोन रकाने, एकात मराठी आणि दुसऱ्यात इंग्रजी. दोन भाषांत एकाच वेळी जगणे म्हणजे काय, हे आमच्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही. वर्गात उर्दू आणि बाजारात मालवणी, हे त्यांचे रोजचेच आहे.

एका वर्षी भाषण संपल्यावर सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, एक अखबार असताना दुसरा कशाला काढतात? खबर तर तीच असते ना?" मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनात राहिला.

पुढे 'पार्क रो' हा जुना अमेरिकन चित्रपट पाहण्यात आला. स्वतः वार्ताहर राहिलेल्या सॅम्युअल फुलर यांनी १९५२ साली पदरचे पैसे घालून तो काढला. काळ १८८६ चा, जागा न्यूयॉर्कमधील वर्तमानपत्रांची गल्ली. 'स्टार' या बड्या पत्रातून काढून टाकलेला मिचेल नावाचा संपादक त्याच गल्लीत 'ग्लोब' हे नवे पत्र सुरू करतो. 'स्टार'ची मालकीण चॅरिटी हॅकेट त्याच्या विरोधात उभी राहते. भांडण वाढत जाते आणि 'ग्लोब'च्या यंत्रांची मोडतोड होते. अखेर तीच आपला छापखाना त्याच्या पत्राच्या कामी आणते. चित्रपट पाहताना मला पुणे आठवत होते. कारण जवळपास त्याच वर्षांत आपल्याकडेही दोन वर्तमानपत्रे अशीच समोरासमोर उभी राहिली होती. फरक एवढाच की, ते भांडण खपाचे नव्हते.

जानेवारी १८८१ मध्ये पुण्यात इंग्रजी 'मराठा' आणि मराठी 'केसरी' ही पत्रे निघाली. 'केसरी'चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर. टिळक आणि आगरकर कॉलेजपासूनचे मित्र. दुसऱ्याच वर्षी दोघांवर एकत्र संकट आले. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होत असल्याचा आरोप करत या पत्रांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध मजकूर छापला. ज्या पत्रांचा आधार घेतला होता, ती बनावट ठरली. दिलगिरी व्यक्त करूनही दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. छापलेल्या प्रत्येक शब्दाची किंमत मोजावी लागते, हा धडा दोघांनी एकाच कोठडीत घेतला.

बाहेर आल्यावर वाटा वेगळ्या होऊ लागल्या. आधी राजकीय हक्क की आधी समाजसुधारणा, हा वाद होता. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडले आणि १५ ऑक्टोबर १८८८ रोजी 'सुधारक' काढले. 'दर्पण'प्रमाणेच हेही दोन भाषांचे पत्र. मराठी बाजू आगरकरांकडे, तर इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले यांच्याकडे.

खरी लढत पेटली ती संमतिवयाच्या कायद्यावरून. कलकत्त्यात फुलमणी नावाची लहान मुलगी विवाहानंतर पतीच्या बळजबरीने मरण पावली होती. त्यानंतर सरकारने विधेयक आणले. पत्नीशी शरीरसंबंधासाठी मुलीच्या वयाची किमान मर्यादा १० वरून १२ वर्षे करायची, एवढाच त्याचा आशय. 'केसरी'चे म्हणणे असे की, परक्या सरकारने कायदा करून आमच्या घरात हात घालू नये, सुधारणा आतून व्हावी. टिळक बालविवाहाचे समर्थक होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुलींची लग्ने १६ वर्षांच्या आत करू नयेत, हे बंधन सुधारकांनी स्वेच्छेने स्वतःवर घालून घ्यावे, असे त्यांनीच सुचवले होते. 'सुधारक'ने उलट विचारले की, आतून सुधारणा होईपर्यंत त्या मुलीने काय करायचे? १९ मार्च १८९१ रोजी कायदा झाला. आगरकरांच्या विरोधकांनी तर ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या ३९व्या वर्षी, आगरकर गेले. त्यांच्यावरचा मृत्युलेख 'केसरी'त टिळकांनीच लिहिला.

हा इतिहास दुसऱ्या कुणाचा म्हणून आपण वाचतो. पण तो कायदा दंडविधानातला होता, सर्व धर्मांच्या मुलींना लागू होता. आणि तो युक्तिवाद तर आपल्या अगदी ओळखीचा आहे. १९८५ मध्ये शाहबानो खटल्याचा निकाल लागला तेव्हा आणि २०१९ मध्ये तीन तलाकचा कायदा आला तेव्हाही आपल्या बैठकांतून हेच दोन आवाज ऐकू आले. एक म्हणतो, सरकारच्या हेतूवर आमचा भरवसा नाही, आमचे आम्ही पाहू. दुसरा म्हणतो, ठीक आहे, पण कधी पाहणार? पहिल्या आवाजातली भीती खोटी नाही. दुसऱ्या आवाजातला प्रश्नही खोटा नाही. मात्र आपल्याकडे दुसरा आवाज उठला की, तो कौमचा दुश्मन ठरतो. थोडक्यात, प्रेतयात्रा काढायला आपणही मागे नसतो. मृत्युलेख लिहिण्याएवढे मन मात्र आपल्याला सापडत नाही.

अजून एक गोष्ट मला छळते. पुण्यातली दोन पत्रे जिच्यासाठी भांडत होती, त्या दहा-बारा वर्षांच्या मुलीला त्या काळी बहुधा दोहोंपैकी एकही वाचता येत नव्हते. तिच्याबद्दल सगळे बोलले, तिला कुणी विचारले नाही.

मला प्रश्न विचारणारी मुलगी बारा वर्षांचीच होती. ती उर्दू वाचत होती, मराठी वाचत होती, इंग्रजी शिकत होती. पुढच्या ६ जानेवारीला मी वर्गात तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले. म्हटले, "बेटा, खबर एकच असते. पण एक अखबार म्हणतो, थांबा. दुसरा विचारतो, किती दिवस? दोन्ही वाच आणि मग तुला काय वाटते ते सांग."

ती लगेच म्हणाली, "सर, मी विचारलं असतं, किती दिवस?"

आगरकरांच्या 'सुधारक'ला अशी वाचक लाभायला हवी होती. आपल्या वर्गांत आज ती बसलेली आहे.