दोन बाप्तिस्मे, एक नोंदवही

२९ नोव्हेंबर १९७० हा रविवार होता. त्या दिवशी नागपुरात सहा वेगवेगळ्या ख्रिस्ती चर्च-संस्थांनी आपली स्वतंत्र ओळख विसर्जित केली आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' नावाची एक संस्था सुरू झाली. लोक तिला सीएनआय म्हणतात. त्या सहांमध्ये ब्रिटिश राजवटीशी जवळीक असलेले अँग्लिकन होते. १९२४ साली प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल पंथ एकत्र येऊन झालेलं 'युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया' होतं. बंगाल-ओडिशातले बॅप्टिस्ट होते, वलसाड-अंकलेश्वर-डहाणू पट्ट्यातलं चर्च ऑफ द ब्रदरेन होतं, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट होते आणि हरदा-बिलासपूरकडचे डिसायपल्स होते.

धर्मसंस्था फुटल्याच्या कथा इतिहासात ढिगाने सापडतात, एकत्र आल्याच्या फारच थोड्या. या कथेत मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते असं, की ज्या प्रश्नावर या मंडळींचं शतकानुशतकं पटत नव्हतं, त्यावर त्यांचं एकत्र येतानाही पटलेलं नव्हतं. ते न पटणं त्यांनी घटनेत लिहून ठेवलं आणि मग एकत्र आले.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. पण मी गोंदियाच्या एका रेल्वे कुटुंबात, याच चर्चमध्ये वाढलो आणि आमच्या घरात हा वाद नवरा-बायकोचा वाद म्हणून चौदा वर्षं चालला होता. म्हणून या इतिहासाकडे मी आधी घरच्या बाजूने आलो आणि ग्रंथालयाच्या बाजूने नंतर.

पंथ म्हणजे जिल्हा

आजच्या वाचकाला 'प्रेसबिटेरियन' किंवा 'बॅप्टिस्ट' म्हटलं की वाटतं, या लोकांनी विचार करून एखादा पंथ निवडला असेल. इकडे तसं फारसं झालं नाही. एकोणिसाव्या शतकात आलेल्या मिशनांनी आपापसांत प्रदेश वाटून घेतले. एकाच्या क्षेत्रात दुसऱ्याने काम करायचं नाही, असा तो समझोता. नागपूरला १८४५ साली स्टीफन हिस्लॉप आले, ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे. त्यामुळे नागपूर आणि पुढे भंडारा स्कॉटिश प्रेसबिटेरियन झाले. अहमदनगरला १८३१पासून अमेरिकन मराठी मिशन होतं, म्हणून नगरचे ख्रिस्ती काँग्रिगेशनल. पूर्वेला बिश्रामपूर-रायपूरकडे जर्मन-अमेरिकन इव्हँजेलिकल मिशन, धमतरीला मेनोनाइट, बिलासपूरकडे डिसायपल्स, संबलपूरला बॅप्टिस्ट.

म्हणजे भंडाऱ्याच्या माणसाचा बाप्तिस्मा तान्हेपणी डोक्यावर पाणी शिंपडून व्हायचा आणि संबलपूरच्या माणसाचा मोठेपणी, स्वतः विश्वास कबूल केल्यावर, नदीत बुडवून. यामागे युरोपातल्या सोळाव्या-सतराव्या शतकातली भांडणं होती. ज्यांच्या डोक्यावर ते पाणी पडलं त्यांना त्या भांडणांचा पत्ताही नव्हता. माणसाचा पंथ कोणता, हे तो कोणत्या जिल्ह्यात जन्मला यावर ठरत होतं.

हा समझोता शाबूत राहायचा असेल तर माणसांनी आपापल्या जिल्ह्यात राहायला हवं होतं. रेल्वेने ते होऊ दिलं नाही.

जंक्शन

नागपूरहून पूर्वेकडे जाणारी नागपूर-छत्तीसगड ही मीटर गेज लाइन १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला गोंदियावरून राजनांदगावपर्यंत गेली. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन ब्रॉड गेज केली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी नॅरो गेज सुरू झाली आणि पुढे नागभीड-चांदा फोर्टचा फाटाही निघाला. गोंदिया जंक्शन झालं. तांदळाच्या गिरण्या आणि विडीचा धंदा तर वाढलाच, पण रेल्वेच्या नोकरीतून बंगाली, तेलुगू, ओडिया, छत्तीसगढी, तमिळ आणि अँग्लो-इंडियन कुटुंबं इथे येऊन पडली. पोवारी, झाडीबोली, हिंदी आणि गोंडी इथे आधीच होत्या.

याच लाइनवर मराठी ख्रिस्ती साहित्याच्या इतिहासातला एक प्रसिद्ध प्रवास झाला. १८९३च्या सुमारास नारायण वामन टिळक नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या. त्याने त्यांना 'नवा करार' दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं, अशी हकिकत टिळकांच्या चरित्रात येते. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. गाडी कोणत्या स्टेशनात असताना ते पुस्तक हातात पडलं, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. पण राजनांदगावची गाडी गोंदियावरूनच जाते, आणि आमच्याकडची वडीलधारी माणसं हा प्रसंग सांगताना ती गाडी गोंदियाच्या फलाटावर जरा जास्तच वेळ उभी करतात.

टिळकांचं नाव इथे घेण्याचं कारण वेगळं आहे. मंडळी कशाने बांधली जाते, याचं त्यांचं उत्तर मिशनांच्या उत्तरापेक्षा निराळं होतं. त्यांनी ओवी-अभंगाच्या वळणाची भक्तिगीतं लिहिली. ती आज पंथ न विचारता मराठी मंडळ्यांत गायली जातात. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोघांनाही जागा ठेवली. पाण्याचा प्रश्न त्यांनी दाराबाहेरच ठेवला होता. १९१९ साली ते गेले आणि दरबार काही टिकला नाही. गीतं टिकली.

घरातला वाद

माझे आजोबा संबलपूरकडचे ओडिया बॅप्टिस्ट. १९६०च्या आसपास रेल्वेत पॉइंट्समन म्हणून लागले आणि बदली होत होत गोंदियाला आले. आजी भंडाऱ्याची, स्कॉटिश मिशनच्या मंडळीतली. लग्न जमलं तेव्हा दोघेही ख्रिस्ती आहेत, एवढंच दोन्हीकडच्यांनी पाहिलं. १९६५ साली वडिलांचा जन्म झाला तेव्हा दोन चर्च घरात समोरासमोर आली.

आजीच्या मते बाळ सहा महिन्यांचं झालं की पाळकसाहेबांकडे न्यायचं. आजोबा म्हणायचे, अजाण लेकराला काय कळतं? त्याने स्वतः मागितलं पाहिजे. आजीचं म्हणणं धर्मशास्त्राचं नव्हतं. ती म्हणायची, "पोराचं नाव वहीत नाही, त त्याची गिनती कुठं?" ही वही म्हणजे मंडळीची बाप्तिस्म्याची नोंदवही. परक्या भाषेच्या माणसाशी लग्न करून परक्या गावात राहणाऱ्या बाईला आपलं मूल कुणाच्या तरी मोजणीत हवं होतं. आजोबांना भीती उलटी होती. आपण ज्या विश्वासात मोठे झालो तो इथे कुणाच्या लक्षातही राहणार नाही, आणि मुलाच्या डोक्यावर शिंपडलेल्या पाण्याबरोबर आपलं संबलपूर वाहून जाईल.

दोघांपैकी कोणीही हेकट नव्हतं. दोघांनाही आपण कुठले, हेच जपायचं होतं. म्हणूनच तोडगा निघत नव्हता.

एक्केचाळीस वर्षांची बोलणी

हाच तिढा चर्चच्या बैठकांतही होता. उत्तर भारतातल्या चर्चच्या एकीकरणाची बोलणी १९२९ साली लखनऊला सुरू झाली. दक्षिणेत २७ सप्टेंबर १९४७ला मद्रासमध्ये 'चर्च ऑफ साउथ इंडिया' झालंही. उत्तरेत बॅप्टिस्ट, ब्रदरेन आणि डिसायपल्सही बोलणीत होते, त्यामुळे बाप्तिस्म्याचा प्रश्न टाळता येत नव्हता. मसुद्यामागून मसुदे झाले. १९६५चा चौथा मसुदा शेवटी कामी आला.

त्यात ठरलं ते साधारण असं. शिशू-बाप्तिस्मा आणि विश्वास कबूल केल्यावरचा बाप्तिस्मा, या दोन्ही पद्धती एकाच चर्चमध्ये पर्यायी म्हणून चालतील. कोणती घ्यायची ते कुटुंबाने ठरवावं. एखाद्या पाळकाचं मन शिशू-बाप्तिस्म्याला तयार नसेल तर त्याच्यावर सक्ती नाही, दुसऱ्या पाळकाला बोलवावं. मात्र बाप्तिस्मा एकदाच. आधीचा खोटा ठरवून पुन्हा द्यायचा नाही.

पाळकांच्या दीक्षेचा प्रश्न तितकाच अवघड होता. बिशपच्या हातून दीक्षा झाली नसेल तर ती अपुरी, असं अँग्लिकनांतले कडवे मानत. इतरांना हा अपमान वाटे. नागपूरच्या विधीत सर्व परंपरांच्या प्रतिनिधींनी एकमेकांवर हात ठेवून प्रार्थना केली. देवाने ज्याला जे हवं ते द्यावं, असा तिचा आशय होता. कुणाला काय कमी होतं, याचा उच्चार मुद्दाम टाळला गेला. टीकाकार याला संदिग्धता म्हणाले आणि ती होतीच. दोन जुन्या प्रणाली जोडताना आम्हीही कधी कधी एखादा रकाना जाणूनबुजून रिकामा ठेवतो, कारण तो भरायचा आग्रह धरला तर काहीच जोडलं जात नाही.

सगळेच आले असंही नाही. अमेरिकन परंपरेतलं मोठं मेथडिस्ट चर्च वाटाघाटींत शेवटपर्यंत होतं आणि १९७० सालीच, अगदी उंबरठ्यावरून, मागे फिरलं. मध्य भारतात त्यांच्या मंडळ्या बऱ्याच असल्याने इकडच्या अनेक गावांत एकी अर्धीच झाली.

आमच्या घरी तिचा परिणाम सावकाश पोचला. आता दोन्ही पद्धती आपल्याच आहेत, हे पाळकांनी समजावल्यावर आजीने घाई सोडली. वही एकच आहे, नाव उशिरा लागलं तरी त्याच वहीत लागणार, हे तिला पटलं. १९७९ साली, चौदाव्या वर्षी, वडिलांनी स्वतः मागितलं. आमच्या पाळकांनी कधी बुडवून बाप्तिस्मा दिलेला नव्हता, म्हणून त्यांनी दुसऱ्या पाळकांना बोलावलं आणि स्वतः वैनगंगेच्या काठावर टॉवेल घेऊन उभे राहिले. पुढे माझी वेळ आली तेव्हा आजीने तिचा हक्क वसूल केला. मी पाच महिन्यांचा असताना माझ्या डोक्यावर पाणी शिंपडलं गेलं आणि तेव्हा मला आजोबांनी हातात धरलं होतं.

ती नोंदवही मी पाहिली आहे. त्यात नाव, आईवडील, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख आणि पाळकाची सही एवढेच रकाने आहेत. पाणी किती वापरलं, याला रकाना नाही.

ज्याला रकाना आहे

इथे थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण अपुरी राहील. त्या वहीत जातीलाही रकाना नाही. तहसीलच्या फॉर्मवर मात्र आहे.

१९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी जोडला गेला. आधी फक्त हिंदूंना, १९५६पासून शिखांना आणि १९९०पासून बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलितांना तो आजही नाही. महाराष्ट्रात त्यांची गणना इतर मागासवर्गात होते. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही, म्हणून गोंड ख्रिस्ती माणूस अनुसूचित जमातीतच राहतो. आमच्या चर्चमध्ये एका बाकावर बसून एकाच पेल्यातून प्रभुभोजन घेणारी चार पोरं बारावीनंतर चार वेगळ्या रांगांत उभी राहतात, आणि परप्रांतातून आलेल्यांना तर रांगच सापडत नाही.

दोष फक्त सरकारी कागदाचा असता तर बरं झालं असतं. लग्न जुळवताना 'मूळचे कुठले' हा प्रश्न येतो, तेव्हा तो जिल्ह्याबद्दल नसतो. धर्मांतरानंतरही जात कशी मागे मागे येते, यावर डॉ. आंबेडकरांनी ख्रिस्ती समाजाबद्दल परखड लिहिलं आहे. नागपुरातल्या त्या सभेच्या चौदा वर्षं आधी त्याच शहरात, १४ ऑक्टोबर १९५६ला, त्यांनी लाखोंसह धम्मदीक्षा घेतली. त्या दीक्षेच्या केंद्रस्थानी जातीचा प्रश्न होता. १९७०च्या वाटाघाटींच्या केंद्रस्थानी पाणी, बिशप आणि दीक्षा होत्या. एक्केचाळीस वर्षं ज्या भेदांवर बोलणी झाली, ते बहुतेक जहाजातून आलेले होते. इथलाच जो भेद होता, त्याला तेवढा वेळ मिळाला नाही.

तरीही त्या बोलण्यांतून एक पद्धत हाती लागते, असं मला वाटतं. भेद आहे हे आधी कागदावर मान्य करायचं. कुणालाही स्वतःचा भूतकाळ खोटा ठरवायला लावायचं नाही. आणि गैरसोय वाटून घ्यायची, म्हणजे ज्याची पद्धत नाही त्यानेच काठावर टॉवेल घेऊन उभं राहायचं. बाप्तिस्म्यासाठी हे जमलं, कारण तो भेद बोलून दाखवायची कुणाला लाज नव्हती. जातीबद्दल आम्ही अजून 'आपल्यात तसलं काही नाही' या वाक्यावर अडलो आहोत. लखनऊला पहिल्या बैठकीला बसलेल्यांनी हेच वाक्य उच्चारलं असतं, तर १९७० उजाडलंच नसतं.

सध्या आमच्या मंडळीत उपासना हिंदीत होते, गाणी मराठीत आणि नाताळच्या आदल्या रात्री एखादं ओडिया गाणंही होतं. ते ओडिया गाणं आता पाच-सहा जणांनाच नीट येतं. बाकीचे धृपद तेवढं धरतात.