शरदातील हजेरीपट : आपल्या लहान शाळांचा एक इतिहास

शाळेचा इतिहास लिहावयाचा म्हटले की आपण कोनशिला, उद्घाटक आणि देणगीदार यांच्या नावांपासून सुरुवात करतो. ते योग्यच आहे. परंतु नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांतील लहान प्राथमिक शाळांची खरी कहाणी जाणावयाची असेल, तर त्यांचा हजेरीपट उघडावा, आणि त्यातही भाद्रपद ते कार्तिक या महिन्यांची पाने पाहावीत. जूनमध्ये पट भरतो. त्याची परीक्षा मात्र शरदात होते. मूग-उडदाची काढणी, रब्बी ज्वारीची पेरणी, कापसाची वेचणी, सणवार आणि पुढे ऊसतोडीची निघणी, हे सारे याच अडीच-तीन महिन्यांत येते. आपल्या इतिहासातील दोन मोठे आघातही याच ऋतूत झाले. म्हणून या ऋतूच्या निमित्ताने आपल्या शाळांकडे थोडे मागे वळून पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आजूर महिन्याचे नवे वर्ष

निजामी राजवटीत आपल्या भागात सरकारी कामकाज फसली सनाने चाले. त्या सनाचे वर्ष आजूर महिन्याच्या पहिल्या तारखेस, म्हणजे ६ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई. म्हणजे खेड्यातील लहान मुलाला त्या काळी तीन पंचांगे ठाऊक असत. सरकारी कागदावर फसली, घरात आणि मशिदीत हिजरी, आणि शेतात नक्षत्रांचे. कोणता पाऊस हस्ताचा आणि कोणता चित्रेचा, हे मुसलमान शेतकऱ्याच्या मुलालाही पाठ असे.

शाळेला स्वतंत्र इमारत क्वचितच असे. चावडी, मारुतीच्या देवळाचा सभामंडप, मशिदीची ओसरी किंवा एखाद्या वाड्याची ढेलज, यांतच वर्ग भरे. एकच शिक्षक चार इयत्तांना शिकवी. एका कोपऱ्यात पाढे चालत, दुसरीकडे पाटीवर बाराखडी गिरवली जाई, आणि उर्दू शिकणारी मुले मुलतानी माती फासलेल्या तख्तीवर बोरूने अलिफ-बे काढीत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी एका सुरात म्हणावयाची असे, कारण व्यवहार हाली शिक्क्याच्या रुपया-आण्यांचा होता. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले आणि ही उजळणी हळूहळू वर्गातून निघून गेली.

१९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणारे हे आपल्या देशातील पहिले आधुनिक विद्यापीठ, याचा अभिमान बाळगावयास हरकत नाही. पण त्याच वेळी हेही मान्य केले पाहिजे की वरच्या वर्गांत माध्यम उर्दू असल्यामुळे मराठी, तेलुगू व कन्नड बोलणाऱ्या मुलांची वाट अवघड झाली. आणि खेड्यातील गरीब मुसलमानाचे मूलही या व्यवस्थेत फार पुढे गेले नाही. १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यात शंभरातील दहा माणसेसुद्धा साक्षर नव्हती. राज्याची भाषा आपली असली म्हणजे पाटी आपोआप हातात येते, असे नाही, हा त्या काळाचा पहिला धडा होय.

१७ सप्टेंबर वर्गात कसा शिकवावा?

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. फसली १३५७ चे वर्ष संपावयास तेव्हा तीन आठवडेही राहिले नव्हते. आज हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो. आपल्याही शाळांतून झेंडावंदन होते, मुले रांगेत उभी राहतात, खाऊ वाटला जातो. त्या दिवशी शिक्षकाने काय सांगावे, हा प्रश्न मात्र आपल्यापैकी अनेकांना अवघड वाटतो आणि भाषण दोन मिनिटांत आटोपते.

या लेखकाच्या मते सारेच सांगावे. रझाकारांचे नेते कासीम रझवी हे लातूरचे वकील होते आणि त्यांच्या स्वयंसेवकांनी खेड्यापाड्यांत जुलूम केले, हे आडपडदा न ठेवता सांगावे. त्यांना विरोध करून विलीनीकरणाची बाजू मांडणारे 'इमरोज'चे तरुण संपादक शोएबउल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत हत्या झाली, हेही सांगावे. मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे मुळात शिक्षक होते आणि १९२१ साली निघालेल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत त्यांनी मुलांना शिकविले, हे तर प्रत्येक शाळेत सांगण्यासारखे आहे.

आणि त्यानंतर जे घडले तेही सांगावे. पोलीस कारवाईनंतर सूडाची लाट उसळली. केंद्र सरकारच्या वतीने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी त्याच वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानाचा दौरा केला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचल्याचे त्यांनी नोंदविले. लातूर तेव्हा उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातच होते. संस्थानात २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. हा अहवाल कित्येक दशके अभ्यासकांच्या हाती पडला नाही. ज्या घरातील कर्ता पुरुष गेला, त्या घरातील मुलाची तख्ती सुटणे अटळ होते. हजेरीपटात त्याच्या नावापुढे 'गैरहजर' एवढेच लिहिले जाते. कारण लिहावयास तेथे रकाना नसतो.

परंतु याच अहवालात दुसरीही नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर बांधवांचे रक्षण केले आणि त्यासाठी स्वतःचे प्राणही गमावले. एकाच धंद्यातील, शेजारी मागावर बसणारी ही माणसे होती. शेजारी बसण्याची ही सवय जेथे सर्वप्रथम लागते, त्या जागेचे नाव शाळा आहे. म्हणून १७ सप्टेंबरचे भाषण दोन मिनिटांत आटोपू नये.

भाषा बदलली, प्रश्न राहिला

१ नोव्हेंबर १९५६ रोजी, पुन्हा शरदातच, हैदराबाद राज्य विसर्जित होऊन मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके इकडे आले. नांदेडचा मुधोळ भाग तेलुगू प्रदेशात गेला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या, आणि १९८२ साली लातूर हा स्वतंत्र जिल्हा बनला.

आता पारडे उलटे झाले. काल मराठी मुलाला जी अडचण होती, ती आज उर्दू घरातील मुलाच्या वाट्याला आली. १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीने ३५० क हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करणे हे राज्याचे काम ठरले. उर्दू शाळा टिकल्या त्या या आधारावर. पण बाजारात, कचेरीत आणि बँकेत मराठीवाचून चालत नाही, हेही तितकेच खरे. ज्या शाळेने दोन्ही भाषा मनापासून शिकविल्या तिची मुले पुढे गेली, हा आपला अनुभव आहे. आईची भाषा आणि गावाची भाषा यांत सवतीमत्सर नसावा.

सणांचे दिवस

खेड्यातील वर्ग शरदात कसा दिसे, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. हस्त नक्षत्रात मुली पाटावर हत्ती काढून हादग्याचा फेर धरीत. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून पाटीपूजन होई, आणि सायंकाळी आपट्याची पाने घेऊन मुले गुरुजींच्या व मौलवीसाहेबांच्या घरी सारख्याच आदराने जात. हिजरी वर्ष दर वर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकते, त्यामुळे साधारण तेहतीस वर्षांनी मोहरम पुन्हा त्याच ऋतूत येतो. १९८५-८६ च्या सुमारास तो सप्टेंबरात आला होता, २०१८-१९ मध्ये पुन्हा आला. अशा वर्षी गणपती आणि डोले एकाच गल्लीतून निघत, आणि दोन्हीकडे हलगी वाजविणारे हात बहुधा तेच असत.

३० सप्टेंबर १९९३

त्या वर्षी अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी आपली पिढीजात घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सरकारी मोजणीप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे दगावली. बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. त्या परिसरातील शाळांना हजेरी नव्याने मांडावी लागली. कित्येक नावे पुन्हा कधीच उच्चारली गेली नाहीत. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी नेले, हे उपकार विसरता येणार नाहीत. आणि ज्या मुलांनी पत्र्याच्या निवाऱ्यात पुन्हा पाटी हाती घेतली, त्यांच्या दृष्टीने शाळा सुरू होणे म्हणजेच जग पुन्हा सुरू होणे होते.

कोयत्याचा हंगाम

युद्ध आणि भूकंप शतकातून एकदा येतात. पट ओस पाडणारे तिसरे कारण मात्र दर वर्षी येते. दसऱ्याच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यातील कुटुंबे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, आणि धाकट्या भावंडाला सांभाळावयास मोठी मुलगी. ती तिसरी-चौथीत असते. एप्रिलात परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. त्यात हिंदू-मुसलमान असा भेद नसतो. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्काचा कायदा अमलात आला, शासनाने हंगामी वसतिगृहे काढली, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आले. हे सर्व चांगलेच आहे. तथापि कार्ड मुलाच्या हाती पडावयाचे तर टोळी निघण्यापूर्वी कोणीतरी त्याच्या दारी गेले पाहिजे.

संस्थांच्या कामाची जागा नेमकी येथे आहे. आपण वार्षिकोत्सवाला जमतो, इमारतनिधी गोळा करतो, गुणवंतांचा सत्कार करतो. त्याबरोबरच प्रत्येक शाळेने दसऱ्यापूर्वी पटावरील घरे एकदा फिरून पाहावीत, आणि आजी-आजोबांजवळ मागे राहू शकणाऱ्या मुलीचे जेवण व अभ्यास यांची जबाबदारी घ्यावी. यास मोठी इमारत लागत नाही.

स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांचा ११ नोव्हेंबर हा जन्मदिवस २००८ पासून राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. तोही शरदाच्या अखेरीसच येतो. त्या दिवशी मौलानांच्या तसबिरीला हार घालण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी हजेरीपट उघडावा आणि जूनच्या पानाशी नोव्हेंबरचे पान ताडून पाहावे. दोन्ही पानांवरील नावे सारखी भरली, तर आपल्या संस्थेने इतिहासापासून काही घेतले, असे म्हणता येईल.